विज्ञानपटांचा संगीतकार घडतो कसा? जेरी गोल्डस्मिथ यांच्या वाटचालीविषयी

प्रश्न : होटगीरोडकर

नमस्कार. मी सोलापुरात संवादिनी आणि कीबोर्ड शिकवतो आणि हौशी नाटकांना पार्श्वसंगीतही देतो. माझ्या एका विद्यार्थ्याने यंदा एका एकांकिकेचे संगीत केले. विषय अवकाशयानात अडकलेल्या तिघांचा होता, त्यामुळे त्याने लॅपटॉपवरच्या सिंथेसायझरमधून मिळतील तेवढे सगळे सुंई-सुंई करणारे, घुमणारे आणि प्रतिध्वनीत विरत जाणारे आवाज वापरले. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग झाल्यावर परीक्षकांनी त्याला एवढेच विचारले, की यान तर छान ऐकू आले, पण आतली माणसे कुठे होती? मुलगा या प्रश्नाने हिरमुसला नाही. तेव्हापासून तो परदेशी विज्ञानपटांचे संगीत चित्र न पाहता, नुसते कानाला हेडफोन लावून ऐकतो आहे, आणि सध्या जेरी गोल्डस्मिथ या नावापाशी येऊन थांबला आहे.

त्याच्या नादाने मीही ऐकू लागलो आणि गोंधळात पडलो. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८), 'एलियन' (१९७९), 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' (१९७९) आणि 'टोटल रिकॉल' (१९९०) या चारही चित्रपटांचे संगीत एकाच माणसाचे आहे, हे नाव वाचल्याशिवाय मला ओळखता आले नसते. आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यातला मधला तुकडा दोन आवर्तने ऐकला तरी संगीतकार कोण ते कळते. येथे मात्र कानाला एकच हात सापडत नाही. तेव्हा माझा पहिला प्रश्न असा, की गोल्डस्मिथ हे विज्ञानपटांचे तज्ज्ञ होते, की ते या प्रकारात योगायोगाने आले? दुसरे म्हणजे, अशा संगीतात विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा वाटा खरोखर किती असतो? तिसरा प्रश्न माझा नसून मुलाच्या वडिलांचा आहे. ते एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल करणारे) आहेत आणि त्यांनी मला सरळ विचारले, की सर, यात पोट भरते का? मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : पडद्यामागचा

सर, आपला गोंधळ रास्त आहे, आणि माझ्या मते तोच या माणसाच्या कारकिर्दीचा गाभा आहे. गोल्डस्मिथ विज्ञानपटांचे तज्ज्ञ कधीच नव्हते. त्यांनी काउबॉयपट, युद्धपट, रहस्यपट, भयपट असे सगळे काही केले. ऑस्करसाठी त्यांना अठरा नामांकने मिळाली आणि प्रत्यक्ष ऑस्कर मिळाले ते एकदाच, तेही 'द ओमेन' (१९७६) या भयपटासाठी. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' आणि पहिला 'स्टार ट्रेक' यांची नामांकने झाली, पण बाहुली हाती आली नाही. विज्ञानपटांकडे ते एका वेगळ्या कारणाने ओढले गेले असावेत. न पाहिलेल्या जागेचे संगीत कसे असावे याचा ठरलेला साचा नसतो, त्यामुळे निर्माते संगीतकाराला तेथे जितकी मोकळीक देतात तितकी कौटुंबिक चित्रपटात कधीच देत नाहीत.

त्यांचा जन्म १९२९ साली लॉस एंजेलिसमध्ये झाला. पियानो ते याकोब गिम्पेल यांच्याकडे शिकले आणि रचनाशास्त्र मारिओ कास्तेलनुओवो-तेदेस्को यांच्याकडे. हे दुसरे गुरू मुसोलिनीच्या वंशद्वेषी कायद्यांमुळे इटली सोडून आलेले संगीतकार होते. पुढे विद्यापीठात मिक्लोश रोझा यांचे चित्रपटसंगीताचे वर्गही त्यांनी केले. एवढी तालीम घेतलेल्या तरुणाला १९५० साली सीबीएस या प्रसारण कंपनीत जे काम मिळाले ते मात्र टंकलेखक-कारकुनाचे होते. आपल्या विद्यार्थ्याच्या वडिलांना हे अवश्य सांगावे. त्या खुर्चीवरून ते आधी नभोनाट्यांच्या आणि मग दूरचित्रवाणीच्या संगीताकडे सरकले.

तो काळ थेट प्रसारणाचा होता. 'प्लेहाउस ९०' सारख्या मालिकेत दीड तासाचे नाटक प्रसारित होत असताना संगीतही त्याच वेळी वाजत असे; चूक झाली तर ती देशभर ऐकू जाई. त्यातच पैसे थोडे आणि वादक मोजके असत. पुढे 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेच्या काही भागांना त्यांनी संगीत दिले तेव्हा याच सवयी कामी आल्या. १९६१ मधला 'द इन्व्हेडर्स' हा भाग आपल्या विद्यार्थ्याला जरूर दाखवावा. एका ओसाड शेतघरात एकटी राहणारी बाई, छपरावर उतरलेली छोटीशी तबकडी आणि तिच्यातून आलेले वीतभर उंचीचे शत्रू, एवढाच ऐवज. बाईची भूमिका करणाऱ्या ॲग्नेस मूरहेड यांना त्यात बोलायला एकही वाक्य नाही. (शेवट सांगत नाही.) बाईची भीती, तिचा संताप, तिचे दमणे हे सगळे संगीताला सांगावे लागते, आणि संगीत ते सांगते. परीक्षकांनी आपल्या मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे: तबकडी पडद्यावर दिसतेच आहे, संगीत त्या बाईकडे लक्ष ठेवून असते.

१९६२ मध्ये ज्येष्ठ संगीतकार आल्फ्रेड न्यूमन यांच्या शिफारशीमुळे त्यांना मोठ्या चित्रपटाचे काम मिळाले. त्याच वर्षीच्या 'फ्रॉइड' ने पहिले नामांकन मिळवून दिले. या 'फ्रॉइड' ची आठवण ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे. मधली वर्षे घाईने ओलांडून मी १९६८ कडे येतो, कारण 'प्लॅनेट ऑफ द एप्स' हे त्यांचे सर्वांत धाडसी काम आहे असे मी मानतो.

त्या संगीतात सिंथेसायझर नाही. गोल्डस्मिथ यांनी बारा स्वरांच्या क्रमिक पद्धतीचा आधार घेतला. आपल्या भाषेत सांगायचे तर सप्तकातल्या कोमल-तीव्रासह बाराही स्वरांना सारखाच मान द्यायचा आणि एकालाही षड्जाच्या गादीवर बसू द्यायचे नाही. तानपुरा लावून वाढलेल्या आपल्या कानाला याचा परिणाम फार लवकर जाणवतो: षड्ज नाही म्हणजे परतायला घर नाही, आणि पृथ्वीपासून तुटलेल्या त्या अंतराळवीरांची अवस्था नेमकी तीच आहे. वाद्ये सगळी हाताने किंवा फुंकरीने वाजणारी. एमिल रिचर्ड्स या तालवादकाने चक्क स्वयंपाकघरातली पोलादी भांडी वाजवली. मेंढ्याच्या शिंगाचे रणशिंग आहे, कातड्यामागची काडी घासून वाजवायचे ब्राझीलचे कुइका हे वाद्य आहे, हॉर्नवादकांनी तोंडाकडचा भाग काढून नुसती हवा फुंकली आहे, आणि बेस क्लॅरिनेटच्या कळा हवा न फुंकता केवळ खटखटवल्या आहेत. भर घातली ती टेपवरच्या प्रतिध्वनियंत्राची. आणि चित्रपटाच्या अखेरीस, जेथे दुसऱ्या कोणीही शंभर वादकांचा गजर केला असता, तेथे संगीत नाहीच. समुद्राच्या लाटा ऐकू येतात आणि श्रेयनामावलीही त्या लाटांवरच सरकते. संगीत कोठे नको हे ठरवणे संगीतकाराच्या कामातच मोडते. 'कोमा' (१९७८) या वैद्यकीय रहस्यपटात तर जवळपास अर्धा चित्रपट संपेपर्यंत त्यांचे पार्श्वसंगीत सुरूच होत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'लोगन्स रन' (१९७६) मध्ये मिळेल. भविष्यातले ते बंदिस्त शहर, जेथे तिशी गाठली की मरण ठरलेले, तेथील प्रसंगांत त्यांनी विजेवरचे कोरडे, चेहरा नसलेले आवाज पुष्कळ वापरले. नायक-नायिका घुमटाबाहेर पडतात आणि पहिल्यांदा सूर्य पाहतात, तेव्हा पूर्ण वाद्यवृंद उमलतो. म्हणजे कोणता आवाज कोठे, हे कथेने ठरवले. चित्रपट कोणत्या प्रकारचा आहे हे पाहून ठरले नाही. एकच हात सापडत नाही असे आपण म्हणता, ते यामुळेच. तो हात स्वरांत शोधू नये, निवडीत शोधावा.

उत्तर २ : कात्री_आणि_काळ

मी मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात संकलनाचे काम करतो. वरचे उत्तर उत्तम आहे, पण त्यात संगीतकार फारच स्वतंत्र वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या कामावर शेवटचा हात आम्हा संकलकांचा आणि दिग्दर्शकाचा फिरतो, आणि गोल्डस्मिथ यांच्याच १९७९ या एका वर्षात त्याचे बरे आणि वाईट असे दोन्ही नमुने आहेत.

चित्रपट जोडताना मूळ संगीत तयार नसते, म्हणून आम्ही दुसरीकडचे तुकडे तात्पुरते लावून ठेवतो. धंद्यात त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. धोका असा, की महिनोन्महिने तेच ऐकून दिग्दर्शकाचा त्यावर जीव जडतो. 'एलियन' चे संकलक टेरी रॉलिंग्स यांनी असे तुकडे लावले होते आणि त्यांत गोल्डस्मिथ यांच्याच जुन्या 'फ्रॉइड' मधले काही होते. गोल्डस्मिथ यांनी नवे संगीत लिहिले, त्यात शंख, सर्पंट नावाचे जुने युरोपीय फुंकवाद्य आणि ऑस्ट्रेलियाचे डिजरिडू अशी वाद्ये आणली, पण दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी काही जागी 'फ्रॉइड' चे तुकडेच कायम ठेवले. सुरुवातीच्या श्रेयनामावलीसाठी लिहिलेली सुरेल, अवकाशाच्या विशालतेची धून नाकारली गेली आणि तिच्याऐवजी थंड, अनोळखी वाटणारे दुसरे संगीत त्यांना लिहून द्यावे लागले. शेवटच्या नामावलीवर तर हॉवर्ड हॅन्सन यांच्या दुसऱ्या सिंफनीचा भाग आला. स्वतःच्या नव्या कामाला स्वतःचेच सतरा वर्षांपूर्वीचे काम हरवते, हा अनुभव कोणाही कलावंताला पचणे कठीण. गोल्डस्मिथ यांनी पुढच्या मुलाखतींत आपली नाराजी लपवली नाही. त्यांनी योजलेले संपूर्ण संगीत २००७ साली ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने स्वतंत्रपणे उपलब्ध झाले, तोवर ते हयात नव्हते.

तरीही, माझे संकलकाचे मत म्हणून सांगतो, चित्रपटात राहिलेली थंड सुरुवात अधिक योग्य आहे. पहिली धून संगीत म्हणून श्रेष्ठ आहे, पण ती प्रेक्षकाला प्रवासाला निघाल्याचा आनंद देते, आणि त्या चित्रपटाला तो आनंद द्यायचा नव्हता.

दुसरा नमुना 'स्टार ट्रेक' चा. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज हे स्वतः मुळात संकलक, 'सिटिझन केन' त्यांनी जोडलेला. चित्रपटाच्या प्रदर्शनाची तारीख आधीच बांधलेली होती, दृश्य-करामतींचे काम रखडले होते, आणि संगीतकाराला अर्धवट चित्रांवर लिहावे लागत होते. नायक कर्क आणि अभियंता स्कॉटी एका छोट्या यानातून गोदीत उभ्या असलेल्या 'एंटरप्राइज' या त्यांच्या मोठ्या यानाभोवती संथ फेरी मारतात त्या लांबलचक प्रसंगासाठी गोल्डस्मिथ यांनी जे लिहिले ते वाइज यांना पटेना. स्वर सुंदर होते, लाटांसारखे चढत-उतरत होते, पण गुणगुणता येईल असा मुखडा त्यात नव्हता. संगीतकाराला राग आला असणारच, तरी तो पुन्हा लिहायला बसला, आणि त्यातून ती प्रसिद्ध धून जन्मली. हीच धून १९८७ पासून 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेचे शीर्षकसंगीत झाली. तो सहा मिनिटांच्या आसपासचा प्रसंग आवाज बंद करून पाहा: एक लोखंडी यान आणि त्याकडे बघणारे दोन प्रौढ पुरुष, यापलीकडे त्यात काहीही घडत नाही. आवाज सुरू केला की लक्षात येते, कर्कला आपली जुनी प्रेयसी पुन्हा भेटली आहे.

नाकारले जाणे त्यांना शेवटपर्यंत चुकले नाही. 'लेजंड' (१९८५) च्या अमेरिकी आवृत्तीतून त्यांचे संगीत काढून टँजरिन ड्रीम या गटाचे लावले गेले, आणि 'टाइमलाइन' (२००३) साठी लिहिलेले संगीतही बदलले गेले. चाळीसहून अधिक वर्षे कीर्ती गाजवलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. आपल्या विद्यार्थ्याच्या हातात कौशल्य आहे की नाही हे तुम्ही पाहालच. नाकारलेला तुकडा बाजूला ठेवून त्याच रात्री दुसरा लिहायला तो बसतो का, तेही एकदा पाहून घ्यावे.

उत्तर ३ : तारेवरची_कसरत

वरच्या दोन्ही उत्तरांतून बिचारा सिंथेसायझर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यासारखा वाटतो, म्हणून त्याची बाजू थोडक्यात मांडतो. विज्ञानपटांच्या संगीतात विजेवरच्या वाद्यांना मानाचे स्थान मिळाले ते आळसामुळे नव्हे. १९५१ साली बर्नार्ड हरमन यांनी 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' मध्ये दोन थेरेमिन (स्पर्श न करता, हवेत हात हलवून वाजवायचे विजेवरचे वाद्य) वापरले (दिग्दर्शक पुन्हा रॉबर्ट वाइजच). १९५६ च्या 'फॉरबिडन प्लॅनेट' साठी लुई आणि बीबी बॅरन या दांपत्याने स्वतः विद्युत-मंडले जोडली, ती तापून बिघडेपर्यंत चालवली आणि त्यांचे आक्रंदन टेपवर टिपले; वादकांच्या संघटनेचा वाद नको म्हणून श्रेयनामावलीत त्याला 'संगीत' म्हणायचेही टाळले गेले. १९६३ साली बीबीसीच्या 'डॉक्टर हू' चे शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांनी लिहिले, पण ते कानावर पडते तसे घडवले डेलिया डर्बिशायर यांनी, एकेक स्वर वेगळा मुद्रित करून, टेप कापून आणि चिकटवून. ग्रेनर त्यांना सहसंगीतकाराचे श्रेय द्यायला तयार होते. संस्थेच्या नियमांत ते बसले नाही. खुद्द गोल्डस्मिथ यांनी 'रनअवे' (१९८४) चे अख्खे संगीत विजेवरच्या वाद्यांवर केले, आणि पहिल्या 'स्टार ट्रेक' मधल्या त्या अज्ञात महाशक्तीचा अंगावर येणारा आवाज हा क्रेग हक्स्ली यांच्या 'ब्लास्टर बीम' चा आहे. माणसाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट लांबीच्या धातूच्या तुळईवर तारा ताणायच्या, खाली चुंबकीय पिकअप बसवायचे आणि वरून धातूने प्रहार करायचा, असे ते वाद्य आहे.

या सर्वांनी आवाज स्वतः घडवला. आपल्या विद्यार्थ्याने तयार यादीतून उचलला. दोष असेल तर तेवढाच आहे.

प्रतिसाद : होटगीरोडकर

तिघांचेही मनापासून आभार. 'द इन्व्हेडर्स' आम्ही दोघांनी मिळून पाहिला. मुलाने लगेच कागद घेऊन संगीत कोठे थांबते त्या जागा टिपल्या, आणि त्याचे निरीक्षण असे, की बाई दाराशी कान लावते तेव्हा संगीतही कान लावल्यासारखे गप्प होते. 'तारेवरची_कसरत' यांचा मुद्दा त्याला फार पटला. विद्युत-मंडल जाळून पाहायची परवानगी मात्र मी दिलेली नाही. वडिलांचा प्रश्न अजून तसाच आहे. चित्रपट, दूरचित्रवाणी किंवा आता मोबाइलवरच्या मालिका, यांतून मिळकत कशी होते आणि सोलापूरच्या मुलाने सुरुवात कोठून करावी, याविषयी कोणी लिहील का?

उत्तर ४ : नवीपेठ_ते_अंधेरी

सर, मी सोलापूरचाच आणि गेली बरीच वर्षे मुंबईत पार्श्वसंगीताच्या प्रोग्रामिंगचे काम करतो, म्हणजे संगीतकाराने सुचवलेली कल्पना संगणकावर वाद्यांसह उभी करून द्यायची. वडिलांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

'विज्ञानपटांचा संगीतकार' या पाटीवर भारतात पोट भरत नाही, मराठीत तर मुळीच नाही, कारण असे चित्रपटच थोडे निघतात. 'पार्श्वसंगीताचा कारागीर' म्हणून मात्र भरते. आपल्याकडे गाण्यांचा संगीतकार आणि पार्श्वसंगीतकार पुष्कळदा वेगळे असतात. त्यांच्याभोवती प्रोग्रामर, संयोजक, नोटेशन लिहिणारे, मुद्रण करणारे असा मोठा गोतावळा असतो. परदेशातही रचना अशीच आहे. गोल्डस्मिथ यांच्या स्वरलिपीला वाद्यवृंदाचे रूप देण्याचे काम वर्षानुवर्षे आर्थर मॉर्टन करत. १९६६ च्या मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेचे शीर्षकसंगीत ज्यांचे, ते अलेक्झांडर करेज पुढे गोल्डस्मिथ यांच्यासाठी वाद्यसंयोजक म्हणून काम करत होते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

याच करेज यांची एक हकीकत वडिलांना सांगण्यासारखी आहे. त्यांच्या धूनवर मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी स्वतः शब्द लिहिले. ते शब्द मालिकेत कधी गायले गेले नाहीत, पण गीतकार म्हणून नाव लागल्यामुळे त्या धूनच्या मानधनातला निम्मा वाटा रॉडनबेरी यांना मिळत राहिला. कायद्याने हे चूक नव्हते. करारात ती मुभा होती. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट सुधारणा कायद्याने गीतकार-संगीतकारांना थोडे बळ दिले आहे. चित्रपटातले संगीत चित्रपटगृहाबाहेर वाजले तर त्याच्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांचा असतो, आणि वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देण्यापलीकडे तो हक्क त्यांना कोणालाही लिहून देता येत नाही. ही वसुली आयपीआरएस ही संस्था करते. मुलाला सप्तक शिकवता त्याच गांभीर्याने हे शिकवावे.

मालिकांचे अर्थकारण चित्रपटांपेक्षा निराळे आहे. दर आठवड्याला काम असते, म्हणून मिळकत स्थिर असते, पण कलात्मक मोकळीक निर्मात्यावर अवलंबून राहते. 'द नेक्स्ट जनरेशन' च्या सुरुवातीच्या वर्षांत रॉन जोन्स यांनी ठसठशीत, धूनप्रधान संगीत दिले. निर्मात्यांना मात्र प्रसंगामागे दबून राहणारे संगीत हवे होते आणि चौथ्या पर्वात जोन्स यांना जावे लागले. गोल्डस्मिथ यांनी साठीनंतर मालिकांत फक्त शीर्षकसंगीतापुरता हात घातला. 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' साठी १९९५ साली त्यांना दूरचित्रवाणीसाठीचा एमी पुरस्कार मिळाला. ती धून ऐकताना सूर्याच्या ज्वाळांजवळून जाणारे यान आणि घरापासून फार दूर पडलेली माणसे एकाच वेळी जाणवतात. आठवड्यामागून आठवडे चालणारे खडतर काम त्यांचे चिरंजीव जोएल यांनी केले. 'स्टारगेट एसजी-१' आणि तिच्या पुढच्या मालिकांचे ते प्रमुख संगीतकार होते. १९९६ च्या 'स्टार ट्रेक : फर्स्ट कॉन्टॅक्ट' मध्ये वडिलांना वेळ कमी पडला तेव्हा चित्रपटाचा काही भाग जोएल यांनीच लिहिला. गोल्डस्मिथ २००४ मध्ये गेले आणि जोएल २०१२ मध्ये.

आता सोलापूरविषयी. येथे काय नाही याची यादी मुलाला पाठ असेल, म्हणून येथे काय आहे ते सांगतो. सुंद्री हे सनईच्या कुळातले लहानसे वाद्य सोलापूर-अक्कलकोट भागात पं. सिद्राम जाधव यांनी नावारूपाला आणले, आणि तिचा तार सप्तकातला धारदार स्वर अवकाशात एकट्या पडलेल्या माणसासाठी कोणत्याही तयार आवाजापेक्षा जास्त बोलका ठरेल. हलगी शेकण्यापूर्वी आणि शेकल्यानंतर कशी वाजते, हे दोन्ही मुद्रित करावे. कातडे सैल असताना येणारा तो बसका, ओलसर आवाज संथ गतीने वाजवून पाहिला, तर यानाच्या इंजिनासाठी दुसरे काही शोधावे लागणार नाही. वडिलांच्या कारखान्यात मालकांची परवानगी घेऊन एका मागाजवळ, मग चार मागांपलीकडून आणि शेवटी भिंतीबाहेरून असे तीनदा मुद्रण करावे. जवळून धोट्याचा ठोका वेगळा ऐकू येतो, लांबून ठोके एकमेकांत मिसळतात, आणि भिंतीबाहेर फक्त जमिनीतून येणारी थरथर उरते. गोल्डस्मिथ यांनी पोलादी भांडी वाजवली, त्यामागचा विचार हाच आहे.

शिक्षणाबाबत माझा सल्ला असा, की विशारदपर्यंतचा अभ्यास सोडू नये आणि त्याच्या जोडीला पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन शिकावे, कारण तंतुवाद्यांचे मोठे ताफे कागदावरूनच वाजवतात आणि तेथे गाऊन दाखवायला वेळ नसतो. नोटेशनसाठी म्यूझस्कोर विनामूल्य मिळते, मुद्रणासाठी रीपर अल्प किमतीत मिळते. ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंयोजनाचे रीतसर शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आहे. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून एकदा तेथील परिसर पाहून यावे, म्हणजे प्रवेशपरीक्षेचा धसका कमी होतो. तोवर एकांकिका, लघुपट, महाविद्यालयांचे माहितीपट, नभोनाट्य, मिळेल ते काम घ्यावे. विज्ञानकथेची वाट पाहत बसू नये.

एक शेवटची, अगदी कोरडी सूचना. पहिल्याच लघुपटापासून क्यू शीट लिहायची सवय लावावी: संगीताचा प्रत्येक तुकडा कोठे सुरू होतो, किती सेकंद चालतो, कोणी रचला आणि कोणी वाजवला, हे एका तक्त्यात भरून त्याची एक प्रत निर्मात्याकडे आणि एक स्वतःकडे ठेवायची. रॉयल्टीचा हिशेब या कागदावरून होतो. नमुना हवा असल्यास मी कोरा तक्ता येथे टाकतो, आणि तो भरायला वडिलांनाच बसवावे, कारण पाळीचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाला तो आपल्या दोघांपेक्षा लवकर जमेल.